मायची बन्सी आणि माझी डिकी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे पुढे मला तुमच्या तोंडाकडे बघून सांगायची लाज वाटणार आहे. अकरा वर्षं पोटासाठी एकच वाक्य छापत राहिला आणि एकदाही ते वाचलं नाही, असा माणूस पाहिलाय का तुम्ही? नाही ना? मग चहा ओता. तो तुमच्यासमोर बसलाय.

तर मी जालन्याला एका बियाणे कंपनीत आहे. आमचं गाव वडीगोद्रीच्या अलीकडे, आणि गावाला एवढंच माहीत आहे, 'भास्कर बियाण्याच्या कंपनीत हाय.' कंपनीत तो नेमकं काय करतो, हे कुणी विचारलं नाही. मीही कशाला सांगू? मी स्कूटीवरून उतरलो की लोक पिवळं पडलेलं पान, किडलेली शेंग, असलं काहीबाही घेऊन येतात. मी ते उन्हाकडे धरतो, एक डोळा मिटतो आणि "हं..." म्हणतो. लोक समाधानाने परत जातात.

खरं सांगू? मी लेबल विभागात आहे. पिशवीवरचं लेबल छापून घ्यायचं आणि ते सरळ लागलंय का ते बघायचं. प्रयोगशाळा आमच्याच आवारात आहे, पण तिच्या दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' असं लिहिलंय. तेही मीच छापलंय.

त्यात माझा स्वभाव! बूड म्हणून एका जागी टिकत नाही. चहा उकळायच्या आत मी गाळणी धरून उभा. एसटी थांबायच्या आत मी पायरीवर. आमची मंगल म्हणते, "यांना सकाळी पेरायला लावलं तर दुपारी विळा घेऊन जातील." बायको आहे, बोलणारच. पण खोटं नाही बोलत, हे आज कबूल करतो.

आंब्याच्या दिवसांत मी गावी गेलो होतो. जेवणं झाली, आणि दादाने विषय काढला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती तोच बघतो.

"भास्कऱ्या, मायची कोठी दोन साल झाले उघडली न्हाई. दोन्ही साल समद्या रानात कापूस लावला, बन्सीला जागाच ठिवली न्हाई. औंदा हिरीजवळची पट्टी मोकळी ठिवतो म्हणलं मायला. पर बी जुनं झालं ना! उगवंल का न्हाई, ते आधी कळाया पाहिजे."

"अन् न्हाई उगवलं तर?" मी विचारलं.

"तर मंग कोठी रिकामी करू. मेलेलं बी ठिवून काय पूजा करायची?"

माय कोपऱ्यात सुपारी कातरत होती. तिचा हात थांबला.

ती बन्सी म्हणजे साधा गहू नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं. लांबट, टणक, मधाच्या रंगाचा दाणा. त्याच्या शेवया तुटत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मायच्या आईने तो तिच्या पदरात बांधून दिला होता. तेव्हापासून दर साली थोडा पेरायचा, त्यातलाच निवडून ठेवायचा. पुढे गावात सगळीकडे लोकवन हा नवा गहू आला, एकरी उतारा जास्त म्हणून सगळे तिकडे वळले. आता बन्सी उरली ती फक्त मायच्या कोठीत. आतल्या खोलीत, विटांवर ठेवलेली पत्र्याची कोठी. चांगलं ऊन दिलेला गहू, त्यात चाळलेली राख, कडुलिंबाचा वाळला पाला, आणि झाकणाच्या फटीला शेणमाती. त्या खोलीत भर उन्हाळ्यातही पायाला गार लागतं.

"मंग भाऊजी हायेत की! कंपनीत तपासून आणतील," वहिनी म्हणाली.

झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता मी काय सांगणार, की मला त्या दारातून आत सोडत नाहीत?

मायने दोन पुड्या बांधल्या. एकीत कोठीतली बन्सी, तिला लाल दोरा. दुसरीत दादाचा लोकवन, तिला पांढरा दोरा. दादाचा लोकवनही तेवढाच जुना, पण तो गोणीत भरून पत्र्याच्या शेडमध्ये टाकलेला.

"जपून ने रे बाबा," माय म्हणाली. "दुसरीकडं कुठं मिळायची न्हाई ही."

"माय, दोन दिवसांत रिपोर्ट!" मी म्हणालो आणि दोन्ही पुड्या स्कूटीच्या डिकीत टाकल्या.

आणि विसरलो.

असे बघू नका माझ्याकडे! माणूस विसरत नाही का? मे गेला. जून गेला. पावसाळा आला, डिकीत रेनकोट आला. ओला काढायचा, ओलाच घडी करून कोंबायचा, कारण वाळत घालायला थांबायला हवं, आणि थांबणं आपल्या रक्तात नाही. वर रेनकोट, खाली इंजिन, मधे मायच्या पुड्या. मी रोज त्यांच्यावर बसून ऑफिसला जात होतो.

दसरा झाला आणि दादाचा फोन आला.

"काय रे, रिपोर्टचं काय झालं?"

"अरे, तेच बघून राह्यलो! लई गर्दी हाय मशीनला." गावचा फोन आला की माझी भाषाही गावाला जाते.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, साहेब रजेवर आहेत. तिसऱ्या दिवशी सांगितलं, वीज गेली. चौथ्या दिवशी दादाने विचारलं, "दोन दिवस म्हणजे तुमच्या कंपनीत किती महिने असत्यात?" तेव्हा मी खाली धावलो आणि डिकी उपसली. रेनकोटखाली पुड्या सापडल्या, लाल दोऱ्याची अगदी तळाशी, इंजिनाच्या बाजूला. कागद जरा मऊ लागला. देवाशप्पथ सांगतो, माझ्या मनात एवढाच विचार आला, 'जरा मऊ झाल्यात.'

आता प्रयोगशाळा नाही तर नाही, घरी करू! गोणपाटाचे दोन तुकडे भिजवून पिळले, एकावर बन्सीचे शंभर दाणे, दुसऱ्यावर लोकवनचे शंभर. ओळीने मांडले, गुंडाळी केली आणि ओट्याखाली ठेवली. उरलेले दाणे पुन्हा पुडीत बांधले आणि पुड्या कुठे ठेवल्या? डिकीत!

आमच्या कंपनीत ही तपासणी आठवडाभर चालते. मी पहिल्याच संध्याकाळी गुंडाळी तीनदा उघडली.

"अहो, अंडी उबवायला बसलेली कोंबडीसुद्धा इतक्यांदा उठत नाही," मंगल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, आंघोळीआधी, आंघोळीनंतर, ऑफिसातून मधल्या सुट्टीत येऊन उघडली. चौथ्या दिवशी निकाल समोर होता. लोकवनचे नऊ दाणे उगवलेले. बन्सीचा एकसुद्धा नाही. शंभरातल्या एकानेही डोकं वर काढलं नव्हतं, वर बुरशीचा कुबट वास.

"इतके महिने या पुड्या होत्या कुठे?" मंगलने विचारलं.

"सुरक्षित होत्या."

"म्हणजे कुठे?"

"मंगल, तुला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. आणि हे वाक्य मी मोठ्या आवाजात म्हणालो. चाळीतल्या शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार.

बरं, मग निदान नुसतं 'उगवलं नाही' एवढं सांगून गप्प बसावं की नाही? पण गावाने मला डॉक्टर केलेलं! डॉक्टरने आजाराचं कारण नको सांगायला?

"दादा, मन घट्ट कर," मी फोनवर म्हणालो. "बन्सी गेली. लोकवनचे शंभरात नऊ तरी उगवले, पण बन्सी बिलकुल खलास."

"आरं! कशानं रे?"

"त्या कोठीनं! ती राख, तो पाला, वरून शेणमाती लावून बंद केलेलं. दाण्याचा जीव गुदमरला. अन् ही जुनी जात नाजूकच असते. मायला सांग, या जुन्या पद्धती आता सोड. माझं ऐक, कोठी आजच रिकामी कर, न्हाईतर नव्या बियाला रोग लागंल!"

रोग कुठून काढला मी? मलाच माहीत नाही. बोलायला लागलो की माझी जीभ माझ्या पुढे दहा पावलं असते.

दादाचा फोन स्पीकरवर होता. पलीकडे माय बसली होती, हे मला वहिनीने संध्याकाळी सांगितलं.

"भाऊजी, माय जेवल्या न्हाईत आज. म्हणत्यात, माझ्या मायनं दिलेलं माझ्याच हातानं मारलं."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, घास उतरला नाही माझाही. पण तेव्हासुद्धा मी काय केलं? कंपनीच्या जाड कागदावर रंगीत चौकट काढून रिपोर्ट छापला, 'बन्सी – उगवण शून्य', आणि त्याचा फोटो दादाला पाठवला. मला वाटलं, कागदावर बघितलं की मायला पटेल. तिला वाचता येत नाही, हे मी त्या घाईत विसरलो.

वहिनीने एकच विचारलं. "खायाला तर चालंल ना गहू? दिवाळीनंतर शेवया करते त्याच्या. मायला तेवढंच बरं वाटंल."

"करा की! सगळा काढा. राख लागलीय, आधी चांगला धुवा," मी वरून सल्ला दिला.

दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी वहिनीने सगळी बन्सी काढली. निवडली, दोन पाण्यांनी धुतली, तासभर भिजवली आणि धोतराच्या ओल्या फडक्यात गच्च बांधून टोपल्यात ठेवली. शेवयांचा गहू आमच्याकडे असाच ओलवतात. सकाळी सावलीत सुकवायचा आणि दळायला न्यायचा. पण त्याच संध्याकाळी परतूरहून तिच्या भावाचा फोन आला, आई पडली म्हणून. दादा आणि वहिनी तसेच निघाले. घरी राहिली माय. आणि माय त्या टोपल्याकडे बघायलाही तयार नव्हती. मेलेल्या माणसाच्या खोलीकडे जसं बघवत नाही, तसं झालं होतं तिचं.

रविवारी मी गावी पोचलो. दादा आणि वहिनी नुकतेच परतूरहून आले होते. माय ओट्यावर पाठमोरी बसली होती.

"आला का डाक्टर," ती म्हणाली. मान वळवली नाही.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात आतून वहिनी ओरडली. "आवं, हिकडं या जल्दी! हे काय झालंय बघा!"

आम्ही आत धावलो. टोपल्यातलं गाठोडं फुगलं होतं. फडक्याच्या विणीतून पांढरी पांढरी मुळं बाहेर आली होती. दादाने गाठ सोडली. आत दाणा न् दाणा उगवलेला. मुळ्या एकमेकींत गुंतून सगळ्या गव्हाचा गोधडीसारखा एक थर झाला होता. दादाने त्यातला एक लगदा उचलून माझ्या नाकापुढे धरला.

"हे काय हाय रे, भास्कऱ्या?"

"हे... मोड आहेत."

"मेलेल्या गव्हाला मोड येत्यात?"

"कधी कधी... म्हणजे जाता जाता..."

"जाता जाता काय?"

अहो, काय सांगणार? दिवा विझताना मोठा होतो, असं गव्हाचं काही असतं का?

माय उठून आत आली. चार दिवसांत पहिल्यांदाच त्या टोपल्याजवळ आली. तिने मोडाचे चार दाणे हातावर घेतले, निरखून बघितले. तिचा चेहरा उजळला. मलाही क्षणभर बरं वाटलं. आणि मग तिच्या हातातल्या दाण्यांकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं. कोठी रिकामी. गावात दुसरीकडे एक मूठ नाही. सगळी बन्सी जिवंत आहे, हे सिद्ध झालं होतं, आणि सिद्ध होतानाच ती सगळीच्या सगळी फुटली होती. मोडाचा गहू काही पुन्हा कोठीत भरता येत नाही.

"समदी उठली रे," माय म्हणाली आणि खाली बसली. "एक दाणा मागं ऱ्हायला न्हाई."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"तू पुड्या कुठं ठिवल्या व्हत्या?"

"कंपनीत."

"कंपनीत कुठं?"

"कपाटात. गार कपाटात."

हा विषय आता इथेच संपायला हवा, असं मला फार वाटलं. म्हणून मी घाईने म्हणालो, "दादा, मायसाठी पेढे आणलेत मी! डिकीत आहेत, आण ना!"

हो. मीच म्हणालो. स्वतःच्या तोंडाने चावी दिली.

दादा बाहेर गेला. डिकीचं सीट उघडल्याचा आवाज आला आणि मागोमाग दादाचा. "आयोव! काय भाजून राह्यलाय हिच्यात? हात पोळला की माझा!"

जालन्याहून उन्हात इतक्या लांब आलेली स्कूटी ती. दादा परत आला तेव्हा त्याच्या एका हातात पेढ्यांचा खोका होता, त्यातून तूप गळत होतं. दुसऱ्या हाताच्या बोटाला लाल दोरा गुंडाळलेला होता.

"माय, हा तुझाच दोरा ना?" दादाने विचारलं. "वल्या रेनकोटाखाली व्हता. पुडीसकट."

माय बाहेर गेली. उघड्या डिकीत हात घातला, तळाला टेकवला, लगेच काढला. रेनकोटचा वास घेतला. मग माझ्याकडे वळली.

"आंब्याच्या दिसापासून हितं व्हती?"

मी मान हलवली.

"आरं, इतके महिने मला हितं वल्या फडक्याखाली ठिवलं असतं, तर मीबी उगवले नसते."

वहिनीला हसू फुटलं. दादाला मात्र नाही. तो चांगलाच तापला होता. "कोठीला नावं ठिवली! मायला रडवलं! वर रंगीत कागद पाठवला! आन् माझा लोकवन नऊच उगवला म्हणून म्या नवं बी घेऊन आल्तो, त्याचं काय?"

"लोकवन तरी खराब असेलच," मी म्हणालो. "शेडमधला आहे."

नंतर दादाने रागारागात खरंच गोणीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात टाकले. निम्मेच उगवले. मी असा खूष झालो म्हणून सांगू! पण मायने तेवढाही आनंद टिकू दिला नाही. "पत्र्याचं शेड म्हंजे तुझ्या डिकीचा थोरला भाऊ," ती म्हणाली. तेव्हापासून दादाही शेडचा विषय काढत नाही.

पण तो रविवार अजून संपला नव्हता. माय कंबर धरून उभी राहिली. "आता बसून काय व्हतं? मोड लांबायच्या आत रानात चला. समदे चला."

दादाने मोटार सुरू करून विहिरीजवळची पट्टी ओलवली. पेरायची पांभर चालणार नव्हती, मोड तुटले असते. म्हणून काय करायचं? बोटाने रेघ ओढायची, गुंत्यातून दाणे एकेक सोडवायचे, मोडाला धक्का न लावता रेघेत ठेवायचे आणि वर माती सारायची. बसून. एकेक दाणा. संध्याकाळपर्यंत!

माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा कुठल्या कोर्टाने दिली असती? पहिल्या अर्ध्या तासात मी चारदा उठलो. दोनदा पाणी प्यायलो, तहान नसताना. मूठ भरून दाणे सोडायला लागलो की मागून आवाज यायचा, "हळू. मोड तुटला की दाणा गेला." मी हळू व्हायचो. पुन्हा हात पळायला लागायचे. पुन्हा आवाज, "भास्कर, हळू." गुडघे गेले, कंबर गेली, नखांत माती गेली. माय माझ्या दुप्पट वयाची नसली तरी माझ्याहून बावीस वर्षांनी मोठी, ती माझ्या तीन ओळी पुढे.

दोन आठवड्यांनी जाऊन बघितलं. पट्टी हिरवी झाली होती. सगळी नाही, पण झाली होती. मायच्या ओळी भरून आल्या होत्या. माझ्या ओळी बांधावरूनही ओळखू येत होत्या, म्हाताऱ्याच्या दातांसारख्या. मला तिथे रडू आलं. बन्सी वाचली म्हणून आलं, दुसरं काही नाही.

होळीच्या आसपास काढणी झाली. फार नाही, पण अर्धी कोठी भरली. पुन्हा ऊन, पुन्हा राख, पुन्हा पाला. मी मनात म्हटलं, मायची माफी नुसत्या तोंडाने नको मागायला. मला जे येतं ते करावं. म्हणून कंपनीतून कोठीसाठी एक खास लेबल छापून नेलं. जाड कागद, हिरवी चौकट, मोठ्या अक्षरात 'बन्सी', आणि खाली दर पिशवीवर असतो तो नेहमीचा मजकूर. ते कोठीवर चिकटवलं. सरळ लागलंय का म्हणून दोन पावलं मागे सरकलो आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते वाचलं. 'बियाणे थंड व कोरड्या जागी ठेवावे.'

माझे कान गरम झाले.

"काय लिवलंय रे?" मायने दादाला विचारलं. दादाने वाचून दाखवलं, आणि मग तो हसायला लागला तो थांबेचना. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसला माझ्यासमोर.

"आन् त्याच्या खाली बारीक काय हाय?"

"लहान मुलांपासून दूर ठेवावे."

मायने त्या ओळीवर बोट ठेवलं. "लहान मुलं कुठं हायेत आता घरात? ते खोड. तिथं भास्करचं नाव घाल."

दादाने लगेच पेन काढलं आणि घातलं. अजून आहे ते कोठीवर, येणारा-जाणारा पाहुणा मोठ्याने वाचतो. तुम्हीही आलात की वाचाल. अक्षर दादाचं आहे, जरा वाकडं आहे. लेबल मात्र अगदी सरळ लागलंय.